राखेचे ठिपके

आमच्या शनिवारच्या चित्रकला ग्रुपचे किस्से कोणी मुद्दाम जमवले नाहीत. या परदेशी गावात, फेल्डहोवनमध्ये, कुणाकडे चहाला गेलं, की जुना सांगून होईपर्यंत नवा घडलेला असतो! त्यातले बरेचसे कोरोनातले, गावाबाहेरचं जांभळ्या फुलांचं माळरान जळालं तेव्हाचे.

ग्रुप म्हणजे तरी काय, मी, संध्या आणि निखिल. निखिलची आई, म्हणजे आमच्या काकू, पुण्याहून जरा राहायला आल्या आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकल्या. आणि निखिलच्या शेजारचे विम आजोबा. त्यांच्या मधमाश्यांच्या पेट्या त्याच माळावर असायच्या, दोरी लावून अगदी सरळ रेषेत. आगीत एकही उरली नाही. "संपलं. आता माश्या पाळणार नाही," एवढं बोलून त्यांनी दार लावून घेतलं.

*

संध्याचं म्हणणं, जळलेला माळ त्याच माळाच्या कोळशाने काढायचा. आम्ही दोघी पिशवी घेऊन गेलो. वनरक्षक धावत आला आणि दीड मीटरवर थांबून ओरडला, "बार्बेक्यू? इथे? आत्ता?!"

संध्याने उभ्या उभ्या कोळशाने त्याचा चेहरा काढून दाखवला.

"नाक मोठं झालंय," म्हणाला. कोळसे नेऊ दिले, कागद मात्र स्वतःकडे ठेवला.

*

निखिल कॉम्प्युटरच्या चिप बनवायच्या मशीनवर काम करतो. त्याने मास्किंग टेप लावून जळकी झाडं रंगवली, सगळी ताठ, एका मापाची! प्रदर्शनाला बंदी होती, म्हणून चित्रं घरांच्या खिडक्यांत लावली. काकू रस्त्यावरून बघून आल्या.

"निखिल, तुझं जंगल दुकानात स्कॅन केलं तर किंमत दिसेल का रे?"

*

पिशवीत कोळशांबरोबर आलेली राख काकूंनी चाळली आणि शनिवारी सकाळी विम आजोबांच्या दारात ठिपक्यांची रांगोळी काढली. निखिल हादरलाच.

"आई, दारात राख?!"

"त्यांच्या घरात ती आधीच आलीये. निदान नक्षीत तरी बसू दे."

विम आजोबा ब्रश आणि सुपली घेऊन बाहेर आले. सगळं साफ! पुढच्या शनिवारी परत रांगोळी, परत सुपली. तिसऱ्यांदा ते निखिलला म्हणाले, "तुझ्या आईला सांग, कचऱ्याचा डबा कोपऱ्यावर आहे."

निखिलने रांगोळी म्हणजे काय ते समजावलं. आजोबा कानापर्यंत लाल! त्यानंतरच्या शनिवारी त्यांनी दारापुढचं आधी झाडून ठेवलं आणि दीड मीटरवर खुर्ची टाकून बसले.

*

मग तो नेमच झाला. काकू दर वेळी विचारायच्या, "पेट्या परत कधी ठेवताय?" निखिल भाषांतर करायचा. आजोबा म्हणायचे, "नाही." काकू पुढचा ठिपका टाकायच्या.

विमानं सुरू झाली, काकू गेल्या. आजोबांचं दार पुन्हा बंद राहायला लागलं. आम्हाला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

*

पुढच्या वसंतात विम आजोबांनी आम्हाला माळावर बोलावलं. काळ्या मातीतून हिरवं वर आलं होतं. मधे नव्या कोऱ्या पेट्या, अजून रिकाम्या. आणि सरळ रेषेत नव्हत्याच!

निखिलने काकूंना व्हिडिओ कॉल लावला. आजोबांनी फोन घेतला आणि हात उंच करून सगळ्या पेट्या दाखवल्या.

काकूंनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"मधला ठिपका चुकलाय. जरा उजवीकडे घ्यायला सांग."

निखिलने सांगितलं. आजोबांनी फोन माझ्या हातात दिला, बाह्या वर केल्या आणि मधली पेटी उचलली.