ग्रीस माझं, बोल गजाला

गजा वारल्याचा फोन आला तेव्हा मी रेवदंड्याच्या खाडीत होडीच्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसलो होतो. हातातला नट पुरता आवळला, मगच उठलो. त्यानंही तेच केलं असतं. त्याला आता महिना झाला. माझी शाळा चौथीपर्यंत. लिहिण्यात चूक सापडेल, इंजिनात सापडायची नाही, असं मी जन्मभर सांगत आलो. तेवढ्यासाठीच हे लिहायला बसलो...

गजा माझा जुना दोस्त, स्कूटरचा मिस्त्री. किनाऱ्यावर पर्यटकांना वाळूत फिरवायच्या चारचाकी गाड्या आल्या, तसा म्हातारपणी तो त्यांच्या मागे लागला. त्यांना पायानं टाकायचा गिअर नाही. दोन पुल्या, मध्ये रबरी बेल्ट. गाडी पळाली की बेल्ट पुढच्या पुलीवर चढतो. किती चढतो ते बाहेरून दिसत नाही. म्हणून गजा झाकण काढून पुलीच्या उतारावर खडूची रेघ मारायचा, गाडी फिरवून आणायचा आणि रेघ कुठवर पुसली ते बघायचा. बेल्ट हुंगायचासुद्धा. मी म्हणायचो, "बांगडा ताजा हाय का रं?"

गेल्या पावसाळ्याआधी त्यानं, किनाऱ्यावर अशा गाड्या भाड्यानं देणाऱ्या सुभाषच्या एका गाडीचा क्लच नवा केला. पावसाळ्यानंतर गाडी बाहेर काढली आणि तिनं लागोपाठ दोन बेल्ट जाळले. इंजिन ओरडायचं, गाडी जागची हलायची नाही. सुभाष चारचौघांत म्हणाला, "गजाकाका, तुमची नजर गेली आता. क्लच नीट बसवला नाय तुमी." मीही मान हलवली. क्लचच असणार!

गजानं झाकण काढलं, खडू ओढला. उमटेना. पुन्हा ओढला, घसरला. त्यानं पुलीवर बोट फिरवलं, हुंगलं आणि माझ्याकडं बघितलं.

पावसाळाभर ती गाडी सुभाषनं माझ्या पडवीत ठेवली होती. खाऱ्या हवेत उघडं लोखंड दिसलं की आम्ही होडीवाले ग्रीस फासतो. झाकण काढून मी आतही फासलं होतं.

गजानं पेट्रोलच्या फडक्यानं पुली पुसली. "माझ्याच हातून ऱ्हायलं व्हतं. आता चालव," सुभाषला म्हणाला. मी झाकणाचे नट आवळायला घेतले. त्या दिवसापासून सुभाषनं गाड्या दुरुस्तीला दुसऱ्याकडं द्यायला सुरुवात केली.

वाटेत मी विचारलं, "का रं असं बोललास?"

"तुला सांगायचं असतं तर तू सांगितलं असतंस." चार पावलं गेला आणि थांबला. "पन दाम्या, बेल्ट घसरला तर नुस्ता घसरंल. जळला कसा? सांग!" घर येईपर्यंत आम्ही त्यावरच भांडलो. त्याला खरंच तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

परवा सुभाषला खरं सांगून आलो. तो म्हणाला, "काका, आता सांगून काय?" तसाच गजाच्या घरी गेलो. वहिनींनी त्याची पडवी उघडून दिली. भिंतीवर खिळ्यांना जळके बेल्ट ओळीनं टांगलेले, प्रत्येकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी. कशानं गेला आणि कुणाच्या हातून, ते पेन्सिलीनं लिहिलेलं. वाळू, सुभाष. उलटा बसवला, मी स्वतः... आमच्या दोन बेल्टांच्या चिठ्ठ्यांवर नुसतं 'ग्रीस'. पुढची जागा कोरी.

वहिनींकडून पेन्सिल मागून घेतली आणि दोन्हीकडं माझं नाव लिहिलं.