तीन ठिपक्यांखालचं पाणी

इन्शिराहच्या व्हॅनचा मागचा बंपर तिसऱ्यांदा सुटला तो भर बाजारात, मच्छीच्या लिलावापाशी. एक बाजू रस्त्याला घासत, ठिणग्या उडवत ती व्हॅन उस्ता शिहाताच्या गॅरेजसमोर येऊन थांबली तेव्हा शिहाता सकाळचा चहा घेत होता. आवाजावरूनच त्याला कळलं. त्यानं पेला खाली ठेवला आणि मान वर न करताच म्हणाला, "आली. पुन्हा आली!"

चिडायला कारण होतं. नदी समुद्राला मिळते तिथल्या आमच्या इज्बेत-अल-बुर्ज गावात पत्र्याचं काम करणारे उस्ता, म्हणजे मिस्त्री, तसे चारपाच जण आहेत, पण नुसतं "उस्ता" म्हटलं की लोक शिहाताकडेच बोट दाखवतात. बाराव्या वर्षी तो बापाबरोबर बोटींच्या कारखान्यात लागला. पुढची अठरा वर्षं त्यानं मासेमारीच्या लोखंडी बोटींचे तळ जोडले. मग पाठ धरली, बोटी सुटल्या आणि त्यानं नदीच्या कडेला गाड्यांचं गॅरेज काढलं. त्याचा सांधा उघडत नाही असा बोलबाला होता. काम झालं की तो वेल्डिंगचे तीन ठिपके शेजारी शेजारी टाकायचा, ती त्याची सही. जुनी गाडी घेताना आमच्याकडे लोक इंजिनाआधी खाली वाकून ते तीन ठिपके शोधतात. अशा माणसाचं काम तीन वर्षांत तीनदा परत यावं म्हणजे त्याच्या तोंडावर कुणी चिखल फासल्यासारखंच की!

इन्शिराह खाली उतरली. पन्नाशी ओलांडलेली बाई, तोंडावर बोलणारी; वहीदची आई म्हणून सगळे तिला उम्म वहीद म्हणतात. शिहाता आणि ती एकाच गल्लीत वाढलेली. नवरा गेल्यापासून त्याचा धंदा तीच चालवते: बोय मासा मिठात घालून पिंपांत मुरवायचा, त्याचं फिसीख करायचं आणि ते या पन्नास वर्षांच्या जर्मन व्हॅनमधून मन्सूरा शहरातल्या दुकानांत पोचवायचं. वर्षाची सगळी कमाई शम्म-अन-नसीमच्या, म्हणजे वसंतात घरोघरी फिसीख खातात त्या सणाची. तो नऊ दिवसांवर आला होता, आणि बंपर नसलेली गाडी नाक्यावर अडवतात.

"उम्म वहीद, किती वेळा सांगू तुला? पिंपं बदल."

"माझी पिंपं गळत नाहीत, उस्ता."

"मग हे लोखंड काय रडून रडून सडलं?"

"ते तू जोडलंस. तूच सांग."

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण सगळं दुखणं तिच्यातच होतं. गेल्या वर्षी बंपर दुसऱ्यांदा सुटला तेव्हा हाज बसयूनीच्या कॉफीहाउसात कुणीतरी शिहाताला डिवचलं, "काय उस्ता, म्हातारा झालास वाटतं?" शिहाता भडकला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "माझ्या सांध्याला काही झालेलं नाही. त्या बाईची पिंपं गळतात, खारं पाणी खाली उतरतं आणि लोखंड खातं." बोलून तो मोकळा झाला. पण फिसीखचं पिंप गळतं म्हणजे काय, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. खारं पाणी गेलं की आत हवा शिरते, मासा बिघडतो आणि बिघडलेलं फिसीख खाणारा इस्पितळात जातो. गल्लीतल्या बायका गुपचूप दुसऱ्याकडे जायला लागल्या. शिहाताची बायकोसुद्धा. गोष्ट मन्सूरापर्यंत गेली आणि यंदा तिथून निम्म्यापेक्षा कमी मागणी आली. आणखी एक सण असा गेला तर इन्शिराहला पिंपं धुऊन पालथी घालावी लागली असती. शिहाताला हे कळत नव्हतं असं नाही. पण जे खरं तेच आपण बोललो, असं म्हणून तो कूस बदलून झोपायचा.

पहिला दिवस बोल्ट काढण्यातच गेला. चार बोल्टांपैकी तीन पान्यातच तुटले. चौथा फिरला, फिरतच राहिला, कारण आतला नटच पत्र्यासकट सुटला होता. चॅसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, पोकळ पेटीचं जे टोक बंपरला धरून ठेवतं तिथे त्यानं हातोडी टेकवली. ठण्ण आवाज यायला हवा होता, आला तो भिजक्या पुठ्ठ्यासारखा. वरच्या बाजूला स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. बाहेरून रंग शाबूत, त्याचा स्वतःचा सांधा शाबूत, आणि मधलं लोखंड मात्र पापुद्र्यापापुद्र्यानं हातात येत होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं वरून नवा पत्रा लावायचा प्रयत्न केला. ठिणगी पडली की खालचं लोखंड जळून भोक पडे. ते भोक बुजवावं तर शेजारी दुसरं. दुपारपर्यंत त्यानं दोन शेगड्या पेटतील इतक्या शिव्या दिल्या: व्हॅनला, समुद्राला, खारट वाऱ्याला आणि सगळ्यात जास्त पिंपांना.

"मिठात राहणाऱ्या बाईनं लोखंडाची गाडी ठेवूच नये," तो व्हॅनखालून ओरडला.

"तू पण मिठातच जन्मलास," इन्शिराह स्टुलावरून म्हणाली. ती रोज येऊन बसत होती. तिचा आता कुणावरच भरवसा उरला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तो वैतागला आणि त्यानं ठरवलं, सगळं कापूनच काढायचं. पाठीवर पडून त्यानं ग्राइंडर उचलला. पेटीच्या अगदी खालच्या पट्टीवर, त्याच्या तीन ठिपक्यांपाशी, पाती टेकली. पत्रा चिरला आणि आतून पाणी आलं. थेंब थेंब नाही. लोंढाच आला, गंजानं लाल झालेला, आणि सरळ त्याच्या तोंडावर पडला. डोळ्यांत, मिशीत, तोंडात गेला. तो खोकला, थुंकला, त्यानं हातातला ग्राइंडर बाजूला फेकला, शिवी द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

पाणी खारट नव्हतं.

साठ वर्षं समुद्राकाठी काढलेल्या माणसाला मीठ झोपेतही कळतं. तरी त्यानं बोट ओलं करून पुन्हा जिभेला लावलं. गंजाची तुरट चव, मातीची चव. मीठ औषधालासुद्धा नाही. हे नळाचं पाणी होतं. इन्शिराह रोज संध्याकाळी व्हॅन धुते ते, आणि हिवाळ्यात पावसाचं छपरावरून झिरपतं ते. वरच्या फटीतून ते पेटीत उतरत होतं आणि आत साचून राहत होतं. बाहेर जायला वाट नव्हती. वाट होती, म्हणजे कारखान्यानं ठेवली होती, बोटाएवढी दोन भोकं, अगदी तळाला. ती बुजवली होती शिहातानं. पहिल्याच दुरुस्तीत, मोठ्या प्रेमानं, आणि वर सही केली होती.

भोक दिसलं की बुजवायचं, हे त्याच्या हाताला बापानं शिकवलं होतं. बोटीच्या तळाला भोक राहिलं तर नऊ माणसं परत येत नाहीत. तीस वर्षं गाड्या दुरुस्त करताना त्याच्या हातानं एकदाही विचारलं नाही, की ही बोट आहे का.

तो खाली पडूनच राहिला. आणि खोटं कशाला बोला, पहिला विचार त्याच्या मनात आला तो चांगला नव्हता. हे फक्त आपल्याला माहीत आहे. नवी पेटी टाकू, भोकं ठेवू, वर काळा रंग मारू. कुणाला कळणार?

"चव कशी आहे?" वरून इन्शिराहनं विचारलं. तिनं त्याला बोट चाटताना पाहिलं होतं.

शिहातानं वरच्या तीन ठिपक्यांकडे बघितलं. मग तो व्हॅनखालूनच म्हणाला, "गोडं आहे."

तिला अर्थ कळायला क्षणभर लागला. मग ती उठून उभी राहिली.

"तुझी पिंपं ठीक आहेत, उम्म वहीद. चूक माझी आहे. पाणी जायची वाट मीच बंद केली."

"मला कशाला सांगतोस? मला माहीतच होतं," तिचा आवाज चिरका झाला. "वर्षभर माहीत होतं! जिथं बसून ते बोललास, तिथं जाऊन हे बोल."

तो तसाच, लाल मिशीनं, बसयूनीच्या कॉफीहाउसात गेला. दुपारची वेळ, सगळी टेबलं भरलेली, डॉमिनोच्या सोंगट्या आपटत होत्या. तो दारातच उभा राहिला.

"ऐका सगळे. उम्म वहीदची पिंपं गळत नाहीत. गेल्या वर्षी मी चुकीचं बोललो. दोष माझ्या कामात होता."

सोंगट्या हातातच राहिल्या. मग हाज बसयूनी हसला. "बस उस्ता, चहा घे. बाईमाणूस दारात येऊन रडलं असेल, तुझं मन विरघळलं."

"ती रडली नाही!"

"अरे, तुझा हात चुकतो होय? तीस वर्षं बघतोय आम्ही."

जन्मभर जे वाक्य ऐकायला शिहाता आसुसला होता ते आज त्याला काट्यासारखं रुतलं. "चुकतो! चुकला म्हणूनच सांगतोय ना!"

"दोन पिंपं फुकट तुझ्या घरी पोचली वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे खिदळले. शिहाताच्या कपाळाची शीर तडतडायला लागली. खोटं बोललो तेव्हा सगळ्यांनी लगेच मान डोलावली, आणि आता खरं सांगतोय तर हे दात काढतायत! तो रागानं वळला, आणि त्याला समोर बसयूनीची स्वतःची व्हॅन दिसली. तिच्यातून लग्नाच्या आणि मयताच्या भाड्याच्या खुर्च्या जात. चार वर्षांपूर्वी तिचाही मागचा भाग शिहातानंच केला होता.

"हाज, या गाडीत कधी फिसीख घातलंस?"

"तौबा! माझ्या खुर्च्यांना वास लागेल."

शिहाता गॅरेजात जाऊन ड्रिल घेऊन आला. कॉफीहाउसातूनच वायर ओढली, व्हॅनखाली सरपटला, आपले तीन ठिपके शोधले आणि बरोबर मधल्या ठिपक्यावर ड्रिल धरलं. पाणी आलं. लाल पाणी फरशीवरून वाहत पहिल्या टेबलाच्या पायांपर्यंत गेलं. एक म्हातारा नावाडी वाकला, बोट बुडवून चाखलं आणि म्हणाला, "गोडं आहे."

बसयूनीचा चेहरा पडला. "म्हणजे माझीपण सडली?"

"सडली. मी सडवली."

"आणि बेकरीवाल्याची? डॉक्टरची?"

"ज्यांच्यावर माझे ठिपके आहेत त्या सगळ्या."

मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. खुर्च्या मागे सरल्या, जो तो स्वतःच्या गाडीबद्दल ओरडायला लागला. माझी कधी करतोस, माझी आधी बघ, माझ्या मेहुण्यानं तर तुझे ठिपके बघूनच घेतली होती! शिहाता मधोमध उभा राहून घसा फोडत होता, "पिंपं! अरे, मी पिंपांबद्दल बोलायला आलोय!" कुणी ऐकत नव्हतं. शेवटी त्या नावाड्यानंच काठी आपटली आणि म्हणाला, "त्या बाईला वर्षभर उगाच बदनाम केलं आपण." तेव्हा कुठे माना खाली गेल्या.

शिहाता परत आला तेव्हा इन्शिराह दारातच उभी होती.

"सांगितलं," तो म्हणाला.

"कळलं. अर्धं गाव तुला शिव्या देत इथूनच गेलं." ती जराही हसली नाही. "आणि मन्सूरा? तिथे कोण सांगणार?"

पुढचे तीन दिवस त्यानं दुसरं काम हातात घेतलं नाही. सडकं होतं ते चांगलं लोखंड लागेपर्यंत मागे कापत नेलं, जाड पत्र्याच्या नव्या पेट्या वाकवल्या, आतून रंगवल्या, तळाला दोन दोन भोकं ठेवली. भोक तसंच सोडताना त्याचा हात दर वेळी अडखळत होता. बंपर चढवला आणि त्यावर उभा राहून त्यानं उड्या मारल्या. हलला नाही. सही मात्र केली नाही.

सणाच्या दोन दिवस आधी तो धुतलेली पायघोळ गलाबिया घालून इन्शिराहच्या शेजारी बसला. मागे वीस पिंपं. वाटेत दोघं फारसं बोलली नाहीत. तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता: मी उस्ता शिहाता, मीच ते बोललो होतो, माझा शब्द मी परत घेतो. लोक दचकतील, असं त्याला वाटत होतं. एवढा मोठा उस्ता स्वतःहून आला म्हणतील.

मन्सूराच्या पहिल्या दुकानात मुतवल्ली नावाचा जाडजूड दुकानदार तराजू पुसत होता. इन्शिराहला बघून त्यानं आधीच मान हलवली. "यंदा एकच पिंप, बाई. लोक विचारतात."

शिहाता पुढे झाला. छाती भरून म्हणाला, "मी उस्ता शिहाता."

मुतवल्लीनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "कोण शिहाता?"

"इज्बेतचा! पिंपं गळतात असं ज्यानं सांगितलं तो!"

"पिंपं गळतात हे ऐकलंय," मुतवल्ली म्हणाला. "कोण बोललं ते काही ऐकलं नाही. तुम्ही करता काय?"

 शिहाताच्या तोंडची अफवा इथवर येऊन वर्षभर राहिली होती, आणि त्याला मात्र या गावात कुत्रंही ओळखत नव्हतं. मोठा माणूस म्हणून एक शब्द परत घ्यायला तो आला होता. इथे मोठा कुणी नव्हताच. मग त्यानं बापाच्या बोटीपासून सुरुवात केली. बोटीचा तळ, भोकं, ठिपके, तोंडावर आलेलं पाणी, सगळं. मध्येच तो धुतलेल्या गलाबियानिशी रस्त्यावर आडवा झाला आणि बंपरमागची भोकं बोटानं दाखवली. तीन गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. अर्धा तास गेला. मुतवल्लीनं पिंपाचं झाकण उघडायला लावलं, वास घेतला, मासा दाबून बघितला आणि म्हणाला, "बरं, दोन उतरवा."

दोन. अफवेआधी मुतवल्ली चार घ्यायचा. शिहाता घामाघूम होऊन व्हॅनमध्ये बसला, गलाबियाच्या पाठीवर रस्त्याची काळी धूळ.

"आणखी किती दुकानं आहेत?" त्यानं विचारलं.

"अकरा," इन्शिराहनं गाडी सुरू केली. "आणि पुढच्या ठिकाणी जरा मोठ्यानं बोल. तिथला दुकानदार कमी ऐकतो."