एक कान फ्रेमबाहेर

अँगलकाका आमच्याकडे आले की आधी खुर्ची हलवायचे आणि मग बसायचे. देवासात त्यांची ये-जा असलेल्या एकाही घरात खुर्ची तिच्या मूळ जागी राहिलेली नाही. दारात चपला काढतानाच ते खिडकी हेरत, उजेड कुठून येतोय ते बघत, आणि खुर्ची वीतभर सरकवून अशी बैठक जमवत की अर्धा चेहरा उजेडात आणि अर्धा अंधारात राहावा. "पूर्ण उजेडात बसलेला माणूस विनोदी दिसतो," असं त्यांचं मत. मग त्या अर्ध्या उजेडात ते गंभीरपणे पोहे खात, आणि मिशीला चिकटलेली शेव नेमकी उजेडाच्या बाजूला चमकत असे.

हे गृहस्थ सरकारी शाळेत नागरिकशास्त्र शिकवत. तरुणपणी एका मे महिन्यात ते पुण्याला आत्याकडे गेले आणि तिथे 'चित्रपट कसा पाहावा' या विषयावरचं पंधरा दिवसांचं शिबिर करून परतले. त्या पंधरा दिवसांची शिक्षा देवास गेली चाळीस वर्षं भोगतं आहे. लग्न त्यांनी केलं नाही. म्हणजे एकदा उज्जैनला मुलगी बघायला गेले होते, पण बसल्या बसल्या त्यांनी मुलीच्या आईला सांगितलं, "हिला भिंतीला टेकवून बसवू नका, भिंतीसमोर माणूस कैदी वाटतो." चहा आलाच नाही.

महिन्यातून एका रविवारी आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये पडदा लावून जुना सिनेमा दाखवतात. काका तिसऱ्या रांगेत, कडेला. सिनेमा सुरू झाला की पडद्यावरच्या संवादांबरोबर त्यांचेही सुरू. "खालून घेतलाय बघा, आता हा सगळ्यांच्या डोक्यावर बसणार." "वरून घेतलाय, संपला बिचारा." "आरशात बघून बोलतेय, म्हणजे खोटं बोलतेय." नायिका जिना चढू लागली की काका पुढे सरकत. "हीच उतरताना दाखवतील तेव्हा सगळं गमावलेलं असेल." वैताग असा, की दहातल्या नऊ वेळा ती बाई खरोखरच सगळं गमावून उतरायची. दहाव्या वेळी चूक दिग्दर्शकाची.

एकदा मागच्या रांगेतून आमचे किराणा दुकानदार ओरडले, "भिया, हमको भी देखने दो यार! आप तो मरने के पेले ही मार देते हो उसको!"

"मी नाही मारलं," काका मागे न बघता म्हणाले. "पंख्याची सावली दोनदा तोंडावरून फिरली, तेव्हाच तो मेला."

निरोपाचा प्रसंग म्हणजे तर त्यांची खासगी मालमत्ता. "गाडी सुटते तेव्हा कॅमेरा कुणाजवळ थांबतो ते बघ," ते माझ्या कानाशी येऊन सांगत. "ज्याच्याजवळ थांबतो, त्याचं दुःख. बाकीचे नुसते प्रवासी." हे त्यांनी मला किमान पन्नास वेळा सांगितलं असेल, आणि दर वेळी मी पदर डोळ्यांना लावायच्या बेतात असताना.

एका गणपतीत मंडळाने फोटो काढायचं काम त्यांच्यावर सोपवलं. मंडळाचा हा भाबडेपणा मी अजून विसरलेले नाही. अध्यक्षांच्या भाषणाचे सगळे फोटो काकांनी वरच्या गॅलरीतून घेतले. फोटोत एक टक्कल, एक माईक आणि सभोवार अफाट सतरंजी. अध्यक्षांनी जाब विचारला तर म्हणाले, "मी फक्त कॅमेरा ठेवला. छोटे तुम्ही आपोआप दिसलात." पुढच्या निवडणुकीत अध्यक्ष पडले. काकांनी त्याचं श्रेय कधी घेतलं नाही. कुणी दिलं तर नाकारलंही नाही.

पण त्यांचा खरा सुवर्णकाळ आला तो स्थळं मोबाईलवर येऊ लागल्यावर. पूर्वी पत्रिका यायची, सोबत एक फोटो. आता मुलगा आपला दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवतो आणि मगच पुढचं बोलणं होतं. माझी मुग्धा इथे शाळेत गणित शिकवते. तिच्यासाठी नागपूरहून पहिला व्हिडिओ आला तेव्हा काका नेमके आमच्याकडे पोहे खात होते. त्यांनी मोबाईल हातात घेतला, एकदा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि थांबवला.

"सोफ्यावर बसलाय. मग कट. मग एकदम बाल्कनीत उभा, कमरेपासून वर. हा उठतो कधी? उठतानाचा भाग कापलाय. उंची विचारून घ्या."

विचारली. पत्रिकेत पाच फूट नऊ होती, फोनवर ती पाच फूट पाचवर आली. झालं! त्या दिवसापासून मुलींच्या आया मोबाईल घेऊन काकांच्या दारात उभ्या राहू लागल्या. दवाखान्यात एक्स-रे घेऊन बसावं तशा बसत. काकाही डॉक्टरांसारखे चष्मा कपाळावर चढवून निदान करत. "पगाराचा विषय निघाला की मागे सनई वाढते. ज्या पगाराला सनई लागते, तो पगार तपासून घ्यावा." इंदूरच्या एका स्थळावर तर त्यांनी असं काही सांगितलं, की मी थट्टा विसरले. "मुलगा स्पष्ट आहे, मागे ओट्याशी आई धूसर आहे. दोन मिनिटांत ती चार वेळा इकडून तिकडे गेली, पण कॅमेऱ्याने एकदाही तिला स्पष्ट केलं नाही. त्या घरात सूनही धूसरच राहील." ते स्थळ मी त्याच संध्याकाळी नाकारलं. पत्रिका जमत नाही, असं कळवलं. आमच्या समाजात नकारासाठी एवढे तीनच सभ्य शब्द आहेत.

अशी काकांच्या कृपेने आम्ही सात स्थळं नाकारली. आठवं धारचं आलं. मुलगा निखिल, गुरांचा डॉक्टर, नोकरी धरमपुरीला. आई वारलेली, घरी वडील निवृत्त. व्हिडिओ म्हणाल तर धड नव्हताच. चित्र सारखं हलत होतं. मुलगा अगदी डाव्या कोपऱ्यात, इतका की त्याचा एक कान फ्रेमबाहेर. शेजारी एक रिकामी खुर्ची, आणि उरलेली सगळी जागा त्या खुर्चीला बहाल केलेली. शिवाय मुलगा बोलता बोलता कॅमेऱ्याच्या वर कुठेतरी बघायचा, थांबायचा, हसायचा, आणि मग गाडी पुन्हा गुरांच्या लसीकरणावर यायची.

मुग्धाने तो व्हिडिओ किती वेळा पाहिला ते मला माहीत आहे, कारण भिंतीपलीकडून मला लसीकरण पाठ झालं होतं.

काकांनी तीनदा पाहिला. खुर्ची आणखी वीतभर अंधारात सरकवली. मी समजले, बातमी वाईट आहे.

"रिकामी खुर्ची कुणी उगाच दाखवत नाही," ते म्हणाले. "अर्धी फ्रेम तिला दिली आहे. आणि हा तिच्या मालकाकडे बघतोय, जो फ्रेममध्ये नाही. हसतोय कसा, बघ. या मुलाच्या आयुष्यात आधीच कुणीतरी आहे."

मुग्धा उखडली. "काका, ये पिच्चर नहीं है! मोबाईलवर घेतलंय त्यांनी. हात हलला असेल कुणाचा!"

"कॅमेरा हलतो तेव्हा मन हलत असतं, मुग्धा."

"मन नाही, हात!"

मी आई आहे. मला 'कुणीतरी आहे' एवढंच ऐकू आलं. पत्रिका जमत नाही, हे तीन शब्द मी मोबाईलवर टाईपही केले. मुग्धा समोर येऊन उभी राहिली. आवाज अगदी खाली. "आई, हे पाठवलंस ना, तर नववा व्हिडिओ मी बघणार नाही. कुणाचाच नाही. मग काका आणि तू दुसरं काही बघायला शोधा." माझी मुलगी गणिताची आहे. ती बोलते ते करून दाखवते. माझा अंगठा तसाच वर राहिला.

शेवटी तोडगा काकांनीच काढला. "पाठवण्याआधी लोकेशन बघून घेऊ."

म्हणून आम्ही तिघं धारला निघालो. वाटेत इंदूर पार होईपर्यंत काका रिकाम्या खुर्च्यांचे प्रकार सांगत होते. मेलेल्या माणसाची, येणाऱ्या माणसाची, पळून गेलेल्या माणसाची. मुग्धा खिडकीबाहेर बघत होती. मी दोघांच्या मधे बसून देवाचं नाव घेत होते, कारण मला त्यांतली एकही खुर्ची परवडणारी नव्हती.

किल्ल्याच्या खालच्या अंगाला लहानसं, झाडून ठेवलेलं घर. दार निखिलने उघडलं. दोन्ही कान जागेवर होते. आत तीच खोली, त्याच दोन खुर्च्या. पलंगावर त्याचे वडील बसले होते. त्यांनी नमस्काराला हात जोडले आणि जोडलेले हात थरथरत राहिले, थांबेनात. कंपवात.

कपाटाजवळच्या स्टुलावर एक मोबाईल होता. काकांनी त्याच्याकडे बघितलं, मग खुर्च्यांकडे, मग त्या हातांकडे. पण विचारलं मुग्धाने, निखिलच्या वडिलांना. "व्हिडिओ तुम्ही घेतला होतात ना, काका?"

वडील ओशाळले. "मीच. निखिल म्हणत होता, शेजारी बसा, दोघं दिसू. खुर्चीसुद्धा ठेवली त्याने माझ्यासाठी. पण मी दिसलो असतो तर पुढचं कुणी बघितलं नसतं हो. पहिल्याच स्थळाने माझ्यामुळे नाही म्हणून कळवलं. म्हणून म्हटलं, आपण कॅमेऱ्यामागे उभं राहावं. याचे लहानपणापासूनचे सगळे फोटो मीच काढलेत."

"आणि मी वर बघत होतो," निखिल म्हणाला, "कारण हे स्टुलावर चढले होते. मला वाटत होतं, पडतात की काय."

आम्ही तिघंही त्या स्टुलाकडे बघत राहिलो. वडिलांना वाटलं, आम्हाला व्हिडिओ आवडला नाही. ते घाईघाईने म्हणाले, "कोपऱ्यात आला का तो? मला नंतर निखिल म्हणाला. पण खरं सांगतो, मला तर तो अगदी मधोमध दिसत होता."

 अँगलकाका उठले. सवयीने ती रिकामी खुर्ची उचलली, खिडकीजवळ नेली, निखिलची खुर्ची तिच्या शेजारी लावली, आणि वडिलांचा हात धरून त्यांना तिथे बसवलं. पूर्ण उजेडात. मग स्वतःच्या मोबाईलवर दोघांना मधोमध घेतलं आणि म्हणाले, "आता बोला." तो व्हिडिओ सुरेख आला. मोबाईल परत खिशात टाकताना काका निखिलला म्हणाले, "हा चांगला आहे. पण पहिला पुसू नकोस."

निघताना मुग्धा वडिलांसमोर जाऊन उभी राहिली. "काका, मेरा भी एक लो ना." त्यांनी दोन्ही हातांनी मोबाईल धरून तिचा फोटो काढला. त्यात मुग्धाचा डावा कान नाही. तोच फोटो तिच्या मोबाईलवर आजही आहे, आणि ते तीन शब्द मी परतीच्या वाटेवर पुसून टाकले.

परतताना इंदूरपर्यंत काकांनी एकाही खुर्चीचं नाव काढलं नाही. मला काळजी वाटली. मग एकदम म्हणाले, "मी म्हटलं होतं की नाही, मुलाच्या आयुष्यात आधीच कुणीतरी आहे?"

"होतं की!" मी म्हणाले. "बापच होता. आणि निदान म्हणून तुम्ही बाईच शोधून ठेवली होती."

काका खिडकीकडे वळून म्हणाले, "चौकटीत काय आहे ते मी जन्मभर बघत आलो. कॅमेरा कुणाच्या हातात आहे हे विचारायचं राहूनच गेलं गं."

ही विनम्रता लग्नापर्यंत टिकेल अशी माझी आशा होती. टिकली नाही. लग्नात ड्रोन उडाला तेव्हा ते अंगणाच्या मधोमध उभे राहून ओरडत होते, "खाली घ्या त्याला! वरून सगळे वऱ्हाडी गरीब दिसताहेत!" मात्र सप्तपदीची चार मिनिटं त्यांनी निखिलच्या वडिलांच्या हातात कॅमेरा दिला, आणि पुढे एडिटिंगवाल्याने हलणारं चित्र स्थिर करतो म्हटल्यावर त्याला असं काही सुनावलं, की त्या चार मिनिटांत मांडव अजूनही थरथरतो.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला आणि पुतण्या त्यांना पुण्याला घेऊन गेला, कायमचा. स्टेशनवर सोडायला आम्ही पाचसहा जण. खिडकीत बसल्यावर त्यांनी आधी पुतण्याला जागा बदलायला लावली, म्हणजे अर्धा चेहरा अंधारात राहील. मग मला म्हणाले, "व्हिडिओ काढतेस ना? मग गाडीबरोबर धावू नकोस. बाया सिनेमात धावतात आणि चित्र बिघडवतात. जागेवर थांब."

मी थांबले. गाडी सुटली. ते हात हलवत होते आणि मी मोबाईल धरून उभी होते, पार शेवटचा डबा जाईपर्यंत.

व्हिडिओ त्यांना पाठवला. रतलामच्या अलीकडेच त्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज मोबाईलवर आला. "बघितला. मधोमध सिग्नलचा खांब घेतला आहेस, मी डाव्या कोपऱ्यात. एक कान फ्रेमबाहेर. शेवटचं दीड मिनिट नुसता मोकळा फलाट आहे, तो कशाला ठेवलास? आणि हात फार हलला आहे. इतकं शिकवून काय उपयोग?"

मी एवढंच लिहिलं, "मला तर तुम्ही अगदी मधोमध दिसत होता."

दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. विश्लेषण मात्र आलं नाही.