बदलीचा कोंबडा

पोलादपूरहून डोंगराकडे चालत गेलं की एक वाडी लागते. तिथल्या राहीबाईला कोंबड्या पाळायचा भारी नाद, पण आपलीच कोंबडी खायची म्हटलं की तिच्या डोळ्यांना धार लागायची. हसा खुशाल, तिचा नवराही हसायचा. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. वाडीत वीज यायची ती पाहुण्यासारखी, आणि फ्रिज पाहायचा तो महाडच्या दुकानात, काचेआड. अंडी कोंड्याच्या मडक्यात ठेवायची आणि कोंबडी अंगणात चालतीफिरतीच ताजी राहायची. पाहुणा आला की धरायची.

पण ज्या पिल्लाला हातावर कण्या चारल्या, घारीपासून राखलं, त्याच्याच रश्श्यात भाकरी कशी बुडवायची? शेजारच्या सुंदराबाईचंही हेच दुखणं. म्हणून दोघींनी तोड काढली होती, बदलीची. राहीकडे पाहुणे आले की सुंदराचा कोंबडा इकडे यायचा आणि राहीचा कुंपणापलीकडे जायचा. त्याचं पुढे काय झालं, हे दोघींपैकी कुणी कधी विचारलं नाही.

एवढ्या सोयीत माशी शिंकलीच. सुंदराच्या एका कोंबडीने राहीच्या पेंढ्यात चोरून अंडी घातली. राहीला वाटलं, आपल्याच कोंबडीची. तिने आपली खुडूक कोंबडी त्यांवर बसवली. पिल्लं निघाली ती मानेवर पीस नसलेली, आणि उघड्या मानेची कोंबडी अख्ख्या वाडीत सुंदराकडेच होती! त्यातली बहुतेक घारीने आणि मुंगसाने नेली, एक कोंबडा तेवढा वाचला.

"अंडी माझी, म्हंजे कोंबडा माझा," सुंदरा म्हणाली.

"तुझी कोंबडी अंडी टाकून गेली हुंदडायला. उबवली कोणी? माझीनं!" राहीने ठणकावलं.

झालं, बोलणं बंद. बोलणं बंद म्हणजे बदली बंद, आणि बदली बंद म्हणजे दोन्ही घरांत रोज सुकट. "अंगणात एवढी कोंबडी नि ताटात सुकट," असं म्हणत राहीचा नवरा हरी भाकरी मोडायचा. राही ऐकलं न ऐकलंसं करायची.

अशात दिवाळीनंतर एके दुपारी, काही निरोप नसताना, लेक आवडी नवऱ्याला घेऊन दारात उभी! लग्नानंतर रामा पहिल्यांदाच सासुरवाडीला आला होता. पहिल्या खेपेला जावयाच्या ताटात कोंबडी नाही, ही गोष्ट त्याच्या गावापर्यंत गेली असती आणि आवडीला तिथे जन्मभर टोमणे ऐकावे लागले असते. पोलादपूरला पायी जाऊन यायचं तर दिवस मावळणार. हरीने सुरी हातात घेतली आणि हळूच विचारलं, "अगो, आपलाच कापू काय?"

राहीने उघड्या मानेच्या कोंबड्याला उचललं. त्याने सवयीने तिच्या बांगड्यांत चोच घालून दाणे शोधले. कोंबडा तसाच काखेत मारून ती कुंपणाशी गेली. शेजारच्या बाया कामं टाकून बघायला लागल्या.

"सुंदरे, हा तुझा कोंबडा. घे."

सुंदरा भात पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "आज कसा काय माझा झाला?"

"अंडी तुझीच व्हती. चुकलं माझं. पन तुझा तांबडा दे मला. जावई आलाय गो, नि माझ्यानं हे नाय व्हत."

सुंदराने सूप खाली ठेवलं. "मेले, एवढं बोलाया इतके म्हयने लावलेस? माझा नवरा पन सुकट खाऊन वैतागलाय. मला काय माझी कोंबडी गिळवते? नि आवडी माझी कोण नाय काय?"

तांबडा तिने स्वतः धरून दिला. त्या रात्री रामाने रस्सा मागून मागून घेतला, आणि सासूही पोटभर जेवली.

उघड्या मानेचा शिजणार होता येत्या रविवारी, सुंदराकडे. पण तो संध्याकाळ झाली की कुंपणावरून उडी मारून राहीच्या खुराड्यात जायचा. सुंदरा रोज सकाळी त्याला आणायची आणि रमावा म्हणून तांदूळ घालायची. रविवारी तिच्या नवऱ्याने सुरीला धार लावली, तशी ती कोंबडा पदराखाली घेऊन राहीच्या दारात.

"राही, ह्याच्या बदली दुसरा दे."

"ह्याला कसा घेऊ? हा तर तूच घेतलास ना माझ्याकडून?"

"आता मी पन चारलाय त्याला," सुंदरा रडवेली होऊन म्हणाली.

तशा दोघी हसत सुटल्या. दोघींचा झालेला कोंबडा बदलायचा तरी कुणाशी? सुंदराला दुसरा कोंबडा मिळाला, आणि याला दोन्ही अंगणं.

पुढे ब्रॉयलरची दुकानं झाली. सुंदराच्या मुलाने फ्रिजही आणला. त्यात ती पाण्याच्या बाटल्या ठेवायची. उघड्या मानेचा म्हातारा झाला, अवेळी आरवायला लागला, आणि एका सकाळी कुंपणाशी बसला तो उठलाच नाही. दोघींनी त्याला आंब्याखाली पुरलं. त्या दिवशी दोन्ही घरांत सुकटच होती, आणि हरी एक शब्द न बोलता जेवला.