पाच मेढी आणि गवत नाही

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. चौक गावाहून आत बैलगाडीच्या वाटेने गेले की आमचे गाव. शाळा देवळात भरायची. काही पोरांना देवळात घेत नसत. ती पायरीखाली उन्हात बसून धडा ऐकत. शाळा तपासायला दिपोटीसाहेब आले, त्यांनी हे पाहिले आणि पाटलांना सांगितले, "श्रावणात परत येतो. शाळेला वेगळे छप्पर दिसले नाही, तर मास्तर नदीपलीकडच्या गावाला देईन."

माझी मुलगी दुसरीत होती. भरल्या नदीपलीकडे मुलीला कोण पाठवणार? शाळा गेली असती तर तिच्या हातात गुरांची काठी आली असती. मी माहेरी, पोशीरला, चौथी झाले होते. माझी मुलगी माझ्यापेक्षा कमी शिकलेली मला चालणार नव्हती.

पाटलांनी सभा घेतली. "ज्याला जे जमंल ते आणा," म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे मान डोलावणे म्हणजे काम घेतले असे नव्हे. वडीलधाऱ्याचा शब्द खाली पडू दिला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ठरल्या दिवशी पाच आळ्यांतून छपराच्या खांबांसाठी पाच मेढी आल्या. एकीपेक्षा एक जाड. ज्याची मेढ पहिली रोवली जाते त्याचा मान, आणि तो मान नातवंडांपर्यंत सांगता येतो. गवताला असला मान नाही. म्हणून गवत कोणी आणले नाही, बांबू नाही, दोर नाही. पहिली मेढ कोणाची यावरून पुरुष हमरीतुमरीवर आले.

माझ्या सासूबाई कडेला उभ्या होत्या. "मुहूर्तमेढ कसली रं? शाळेचं काय लगीन लावताय?"

हसले सगळे, पण हटले कोणी नाही. मेढी तिथेच टाकून आपापल्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी विषय काढला.

"पुरुषांच्या कामात तू कशाला पडतेस गं?" सासूबाई म्हणाल्या.

"त्यांचं काम पडून हाय म्हणून, आत्याबाई."

भातलावणीला आम्ही बायका एकमेकींच्या शेतावर जायचो. उद्या कोणाचे शेत, रोपे कोण उपटणार, भाकऱ्या कोण आणणार, हे विहिरीवर ठरे. जिने तिने आपल्या तोंडाने सांगायचे आणि शेजारणीने ते मोठ्याने परत म्हणायचे. 'बघू' म्हणणारीला धरायचेच नाही. त्यामुळे लावणीत कधी घोटाळा झाला नाही. मी म्हटले, शाळेचे काम तसेच करू.

एक म्हणाली, "आमच्यात गवत नाय बाई."

"तुज्या माळ्यावरचं तुज्या रेड्याला दिसतं, आमाला दिसत नाय व्हय?" मी विचारले.

बायका फिदीफिदी हसल्या. "दोन भारे," ती म्हणाली. शेजारणीने म्हटले, "हिचे दोन भारे."

मग तिने मला गाठले. "आणि तू गं? का नुसतं तोंडच?"

"चार भारे," मी म्हटले.

ते गवत आमच्याच घराच्या शाकारणीसाठी ठेवले होते. माझ्या शेजारी सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की कळशीतले पाणी उकळले असते. पण रीत ती रीत.

"हिचे चार भारे," दात आवळून त्या म्हणाल्या.

बांबू आणि दोर बायकांनी आपापल्या घरी पुरुषांच्या तोंडून वदवून घेतले. मेढींचे मी पाटलांना जाऊन सांगितले. पाचही खड्डे आधी खणून ठेवा, आणि मास्तरांनी हाक दिली की पाचही मेढी एकदम उभ्या करा.

"हे कुणी ठरवलं?"

"इहिरीवर ठरलं."

पाटील हसले. "मग मोडायची कुणाची छाती हाय?"

तसेच झाले. नारळ एकच फोडला, खोबरे पाचही आळ्यांत वाटले. पाऊस लागायच्या आत कारवीच्या कुडाच्या भिंती उभ्या राहिल्या, छप्पर शाकारून झाले.

श्रावणात दिपोटीसाहेब गुडघाभर चिखलातून आले. पायरीखालची पोरेही आत बसली होती. साहेबांनी विचारले, "हे कोणी केले?"

"गावानं," पाटील म्हणाले.

ते खरेच होते. पण बोलायला तोंड मी उघडले होते, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

साहेबांनी वर पाहिले. बाहेर पाऊस कोसळत होता. "गळत नाही?"

दारातून सासूबाई म्हणाल्या, "हितं नाय गळत, सायेब. आमच्या घरात गळतंय. हिला इचारा."

साहेब हसले. मास्तर इथेच राहील, म्हणाले. माझी मुलगी पुढे बसून धडा वाचत होती. तिने मान वर केली नाही.

त्या पावसाळ्यात आमच्या घरात जिथे तिथे भांडी मांडलेली असत. मुलगी पाटी घेऊन त्यांच्यामधून कोरडी जागा शोधायची आणि उजळणी म्हणायची. एखादे भांडे भरले की सासूबाई ते ओतून परत जागेवर ठेवायच्या आणि तिला म्हणायच्या, "थांबू नको गं. म्हण पुढचं."