बापाच्या शर्टाचा फ्रॉक

साल २०१७. मला एकोणसत्तरावं चालू होतं. शाळा दुसरीपर्यंतच झाली, पण शहापूर ते मुरबाड या रस्त्याला माझ्यासारखी कात्री चालवणारा दुसरा नाय, हे मी आजही सांगतो.

जुन्या कपड्याचं नवं शिवायचं तर आधी सगळी शिवण उसवायची, तुकडे धुवायचे, एक दिवस उन्हात पसरायचे, मगच कापायचे. ज्यांनी मला काम शिकवलं ते म्हणायचे, "कापडाला आधीचं अंग विसरू दे." मी कायम तसंच केलं. त्या दिवाळीच्या गर्दीत मात्र नाय केलं.

नवरा वारलेली आमच्याच गावातली एक बाई त्याचा लाल चौकड्यांचा शर्ट घेऊन आली. पाच वर्षं पेटीत होता. पोरगीला त्याचा फ्रॉक पाहिजे होता. शर्टाचे खांदे चांगले मजबूत, म्हणून मी ते उसवलेच नाय. आतून दाबून लहान केले, खाली घेर लावला. फ्रॉक झकास झाला.

दिवाळी सरली आणि एका दुपारी ती पोरगीला घेऊन दुकानात आली.

"बाबा, पोरगी वाकडी चालते."

"मग डॉक्टरकडं ने. मी शिंपी हाय."

"तुमचा फ्रॉक घातला तवापासून चालते."

"माझी शिवण वाकडी? तुला चष्मा लागलाय गो."

"तुमालाच लागलाय. बघा तरी."

मी पोरगीच्या अंगावरच टेप लावली. दोन्ही खांदे बरोबर, सुताचा फरक नाय. तिला म्हटलं, "जा, त्या चिंचेपर्यंत चालून ये."

ती निघाली. डावा खांदा खाली, मान उजवीकडं, पाऊल बारीक आणि झपझप. तिचा बाप जन्मभर डाव्या खांद्यावर कावडीनं गवताचे भारे वाहायचा. रिकामा असला तरी असाच चालायचा. माझ्या दुकानावरनंच जायचा रोज. 

"हिनं बापाला बघितलंय चालताना?"

"तो गेला तवा ही दोन महिन्यांची होती."

फ्रॉक काढायला लावला. नुसत्या परकरावर चालवली. तीच चाल. परत येऊन माझ्या पायरीशी ती थांबली, गुडघ्यात वाकली, दोन्ही हातांनी खांद्यावरचं काहीतरी सावकाश जमिनीवर ठेवलं आणि कपाळ पुसलं. खांद्यावर काहीच नव्हतं. मग गुपचूप फ्रॉक उचलून पुन्हा अंगात घातला.

तिची आई माझ्याकडं बघत म्हणाली, "मला माझी पोरगी सरळ पाहिजे, बाबा. तो गेलाय. त्याला जाऊ द्या."

खांदे उसवले नव्हते हे माझ्या तोंडातून निघेना. "बघतो," एवढंच म्हणालो. त्या दोघी गेल्या, आणि बांधावरनं पुढं चाललेला तो लाल खांदा मी वळणापर्यंत बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलंच नाय. ब्लेड कागदात गुंडाळून खिशात टाकलं आणि त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. आईला म्हटलं, "चूक माझी हाय. आण तो फ्रॉक." पोरगी समोर येऊन बसली. मी डाव्या खांद्याचा पहिला टाका तोडला, तशी ती आपला खांदा चोळायला लागली. मी हात थांबवला नाय. उसवत राहिलो.