बुडिताचा दगड

गावात माझी ओळख एकच: गटाराची इंजिनिअर. पोरगी शिकली, बारामतीला कॉलेज केलं, नोकरीला लागली आणि शेवटी गटारातच उतरली, असं आमच्या भावकीतले लोक अजून चेष्टेनं म्हणतात. मीही हसते. खोटं काय आहे त्यात? समुद्रकाठच्या शहरांची सांडपाण्याची यंत्रणा तपासणं हे माझं काम. कुठला पंप किती उंचीवर बसवलाय, भरतीचं पाणी कुठवर येतं, समुद्र असाच वर सरकत राहिला तर कुठलं केंद्र आधी बुडेल, हे मोजायचं आणि सांगायचं. महिन्यातला निम्मा वेळ मी कोकणात खाडीच्या चिखलात असते आणि उरलेला बारामतीत, तिसऱ्या मजल्यावर, कोरड्या पायांनी.

या कामानं मला एक गोष्ट शिकवली. लोकांना वाटतं समुद्र आला तर बंधारा ओलांडून, आवाज करत येईल. तो तसा क्वचितच येतो. तो पाइपातून उलटा येतो. ज्या तोंडातून आपण आपली घाण त्याच्याकडे सोडतो, त्याच तोंडातून आत शिरतो आणि कुणाच्या तरी न्हाणीत फरशीच्या जाळीतून गुपचूप वर चढतो. बाहेर रस्ता कोरडा आणि घरात घोटाभर पाणी. हे मी किती बैठकांत घसा फोडून सांगितलं असेल. साहेब लोक मान डोलावतात आणि चहा मागवतात.

आमच्या गावाला समुद्र माहीत नाही. गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या काठावर. मूळ गाव धरणात गेलं, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा नव्या लग्नाचे. धरणाची मोजणी करायला लोक आले, त्यांना मोजणीची उंच पट्टी धरायला रोजावर माणसं हवी होती, त्यांत आबा होते. आपलं गाव कुठवर बुडणार, त्याची पट्टी त्यांनी स्वतःच्या हातांनी उभी धरली. जिथं पाणी थांबणार होतं तिथं मोजणीवाल्यांनी दगड पुरले आणि त्यांना तांबडा रंग फासला. आता आमच्याकडे तांबडा दगड दिसला की माणूस आधी चप्पल काढतो. मोजणीवाल्यांची गाडी वळणाआड गेली नाही तोच बायकांनी आमच्या बाजूच्या दगडाला हळदकुंकू लावलं. पाणी अडवणारा दगड म्हणजे देवच की!

पाणी आलं आणि खरंच दगडापाशी थांबलं. आबांनी दगडाच्या वरच्या अंगाला घर बांधलं. धरण भरलं की आई दर वर्षी दगडापाशी जाऊन पाण्याची ओटी भरायची. खण, नारळ, ओंजळभर तांदूळ. पाण्याकडे बघून म्हणायची, "आलीस, बरं झालं. माहेरवाशीण हाईस, चार दिस ऱ्हा आन् जा. घर माजं हाय." ज्या पाण्यानं गाव गिळलं त्याची ओटी कशाला भरायची, असं मी लहानपणी विचारलं होतं. ती म्हणाली, "भांडून ती जाणार हाय व्हय?" आई गेल्यावर ओटी माझ्याकडे आली. वर्षातून एकदा मी कामाचे बूट बाजूला काढून दगडाला कुंकू लावायची आणि आईचंच वाक्य म्हणायची. मला तिथं देव दिसायचा नाही. आई दिसायची.

मग गावात बंदिस्त गटार आलं. घराघरातल्या न्हाण्यांचं आणि संडासांचं पाणी पाइपांनी उताराला न्यायचं, एका टाकीत गोळा करायचं आणि तिथून पंपानं शुद्धीकरणाला वर पाठवायचं, अशी योजना. टाकी कुठं घ्यायची? गाव एकमुखानं म्हणालं, दगडाला धरून, वरच्या अंगाला. पाणी दगडाच्या वर आजवर आलं नाही. जागा आबांनी दिली, आमच्या परसातली, मोठ्या हौसेनं. लेक त्याच कामातली ना! नारळही त्यांनीच फोडला आणि प्रसादाचा तुकडा माझ्यासाठी कागदात बांधून ठेवला.

पुढच्या उन्हाळ्यात गावी आले ती लेव्हलचं, म्हणजे उंची मोजायचं, यंत्र गाडीत घालूनच. आबांनी जागा दिलेली टाकी एकदा मोजून बघावी, एवढंच मनात होतं. पाणी खूप खाली उतरलं होतं. काठाला हिरवट साय धरलेली, जलपर्णी वाळून पडलेली. शेजारचे चाचा, त्यांची पिठाची गिरणी आहे, गिरणी बंद करून पट्टी धरायला आले. धरण पूर्ण भरतं ती पातळी मला पाठ होती. चाचांनी दगडावर पट्टी ठेवली आणि आकडा वाचून मला वाटलं, यंत्र बिघडलं. पुन्हा लावलं. दगड जिथं असायला हवा होता त्याच्या कमरेभर वर होता.

मग मी दगडाखाली बघितलं. खाली चौथरा होता. त्या चौथऱ्यावर बसून मी चिंचा खाल्ल्या होत्या, परीक्षेचा अभ्यास केला होता. तो तिथं का आहे, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

"ह्यो व्हय?" चाचा म्हणाले. "तुज्या आईनंच करून घेतला की. येका साली पानी दगडावर चढलं. देव चिखलात गेला म्हनून तुजी आई लई रडली. मग दगड उपटला आन् हितं वर बसवला. तवापास्नं पानी कदी दगडाच्या वर आलं न्हाय बघ."

चाचा समाधानानं हसले. मला हसता आलं नाही.

पाणी चौथऱ्याला लागलं की आमच्याकडे म्हणायचे, देवाच्या पाया पडून गेलं. मीही म्हटलंय. कुणाच्या मनात वाकडं नव्हतं. देव चिखलात बसू नये म्हणून त्याला उचलला, एवढंच. पण दगड वर गेला तरी पाणी वर यायचं तेवढंच येत राहिलं, आणि मधल्या त्या कमरेभर जागेत गावानं बिनघोर बांधकामं केली. आमच्या घरामागची न्हाणी आणि संडास त्यातच. आता टाकीही त्यातच. धरण तुडुंब असताना वरून नदीचा पूर आला की पाणी टाकीत शिरणार आणि पाइपांतून उलटं घराघरात येणार, पहिलं आमच्याच घरात. जे मी कोकणात परक्या लोकांना सांगत फिरत होते, ते माझ्या परसात येऊन बसलं होतं.

गावातल्या कारभाऱ्यांना सांगितलं. टाकी वर सरकवा, पाइपाला उलटं पाणी अडवणारी झडप बसवा. "करू की, पावसाळा झाल्यावर," ते म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी. पण मला त्यांची फिकीर नव्हती. मला आबांना त्या घरातून काढायचं होतं.

आबा ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते.

"आबा, पावसाळ्याच्या आत बारामतीला चला. कायमचंच चला."

"का बरं?"

"टाकीचं पाणी घरात येणार."

"कसं यील? दगड हाय की."

माझा स्वभाव तापट. आईवर गेलाय म्हणतात. "दगड, दगड! त्या दगडावर काही ठेवू नका आबा. तो जागेवर कुठंय? आईनं उचलून वर ठेवलाय तो."

आबांनी हातातली शेंग फोडली, दाणे माझ्यापुढं ठेवले आणि टरफल बाजूला टाकलं.

"तिच्यानं कुटं उचलतुय?" ते म्हणाले. "म्या उचलला. पट्टी धरलेला मानूस मी, मला कळत न्हाय व्हय दगड हालला म्हंजी काय हुतंय ते? पर ती रडत व्हती. गाव गेलं तवा रडली न्हाय ती. दगड बुडला तवा रडली. मग मी काय करनार?"

मी पुढ्यातले दाणे मुठीत घेतले. आबाच पुढं म्हणाले, "येकदा उठलोय मी. आता न्हाय उठायचा. तू न्हानीचं भोक बुजवायला काय लागतं ते सांग, मी बुजवतो."

मी वाळूचं पोतं दाबायला सांगितलं. बारामतीला परतताना वाटेतल्या भिगवणपर्यंत रडत आले. मला आईचा राग आला होता, आणि मेलेल्या आईचा राग येतो म्हणून जास्त रडू येत होतं.

त्या पावसाळ्यात धरण भरलं आणि वर घाटाकडे पाऊस थांबेना. सकाळी चाचांचा फोन आला. "ये बेटा, लगेच ये." एवढंच बोलले. बारामतीहून निघाले तेव्हा रस्ता कोरडा होता, ऊस दोन्ही अंगांना मजेत डुलत होता. आमची गल्लीही कोरडी. पाणी चौथऱ्याच्या गळ्याला लागलेलं आणि वर दगड कोरडा ठणठणीत, गेल्या वर्षीचं कुंकू अंगावर घेऊन बसलेला. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, देवानं पुन्हा राखलं.

घरात पाऊल टाकलं आणि वासानं डोकं फिरलं. न्हाणीत पोतं जागच्या जागी होतं, आबांनी वर पाटाही ठेवला होता. पाणी संडासातून आलं होतं; त्याचं त्या दिवशी मला सुचलंच नव्हतं. काळं पाणी, गावाचं सगळं पोटातलं घेऊन, स्वयंपाकघरात, चुलीपाशी, मधल्या खोलीत. आईची लुगड्यांची ट्रंक त्यात निम्मी बुडाली होती.

आबा पुढच्या ओट्यावर उभे होते. हातात ताट होतं. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकवाचा करंडा. पाणी दाराशी आलं म्हणून त्यांनी सगळं काढून ठेवलं होतं आणि माझी वाट बघत थांबले होते, कारण ओटी पुरुषानं भरायची नसते. मी पुढं झाले. त्यांनी ताट माझ्या हातात दिलं नाही. ते त्या पाण्याकडे बघत होते.

"पोरी," ते म्हणाले, "ह्याची वटी कशी भरायची गं?"

मी ताटात कलंडलेला नारळ सावरला.

"ते पानी येगळं व्हतं. गाव घेतलं त्यानं, पर आमी तेच प्यालो. त्यातच तुला पैली आंगूळ घातली. तुजी आई त्याला माहेरवाशीण म्हनली. ह्यो तर आपलाच मैला. ह्याला काय म्हनू?"

माणसाला दुसऱ्यांदा घर सोडावं लागतं यापेक्षा हे वाईट होतं. पहिल्या वेळी पाण्याशी भांडता आलं नाही तरी त्याला नातं लावता आलं होतं. या वेळी तेवढंही उरलं नाही. मी आबांच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडले. ते ताट सांभाळत तसेच उभे राहिले, तांदूळ सांडू नयेत म्हणून.

लुगडी मी धुतली. सोड्यात घातली, उन्हात टाकली, पुन्हा धुतली. वास गेला नाही. पाण्यात सोडावीत म्हटलं तर त्यात तरी आता काय चांगलं होतं? शेवटी आबांनी बांधाच्या कडेला खड्डा काढला आणि आम्ही ती पुरली. अंजिरी रंगाचं एक आबांनी मातीत टाकायच्या आधी उलगडलं, पदर बघितला, आणि घडी घालून मग खड्ड्यात ठेवलं. लग्नातलं असावं.

पूर ओसरला, धरण भरल्या पातळीवर आलं. आबांचं सामान गाडीत भरून झालं. मी कुलूप शोधत होते तर आबा पहार घेऊन निघाले.

"दगड खाली ठिवू," ते म्हणाले. "जितं व्हता तितं. न्हायतर मागची मान्सं अजून फसतील."

चाचांनी आणि आबांनी मिळून चौथरा फोडला. मी यंत्र मांडलं. पट्टी चाचांनी उचलली तर आबांनी ती त्यांच्या हातातून घेतली. "ही मी धरनार."

यंत्राच्या दुर्बिणीतून मला आकडे दिसत होते आणि पट्टीला धरलेली आबांची बोटं दिसत होती. तरणेपणी शिकलेलं ते पट्टी धरणं, जराही हलत नव्हतं. मी हातानं खूण करत होते, खाली, अजून खाली. आबा एकेक पाऊल उतरत पाण्याच्या कडेला गेले. मी म्हणाले, "बास आबा, हितंच."

चाचांनी दगड लोटत नेऊन चिखलात बसवला. मी कुंकू लावलं. आईचं वाक्य तोंडात आलं, पण म्हणवलं नाही. एक बारीक लाट आली, दगडाला लागली आणि खालचं कुंकू घेऊन मागं गेली.

"म्हंजी आता मोटं पानी आलं की दर येळी हा बुडनार?" आबांनी विचारलं.

"व्हय, आबा."

त्यांनी मान हलवली. मोजणी झाली होती, तरी पट्टी त्यांनी अजून सरळच धरली होती.

"पवाया येत न्हवतं गं तुज्या आईला," ते म्हणाले.